जळालेलं कोर्ट, दोन विल्यम आणि एक वाटणीपत्र

पार्श्वभूमी

व्हर्जिनिया राज्याच्या नकाशावर अगदी मधोमध बोट ठेवलं तर ते बकिंगहॅम काउंटीत पडतं. काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने जिल्हाच, पण वस्ती आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. २०२० च्या जनगणनेत इथे जेमतेम सतरा हजार माणसं होती. उत्तरेला जेम्स नदी, दक्षिणेला अ‍ॅपोमॅटॉक्स, मधून वाहणारी स्लेट नदी. पूर्वी सगळीकडे तंबाखू, आता बहुतेक जंगल, आणि आर्व्होनियाजवळ छपरांना लागणाऱ्या पाटीच्या दगडाच्या खाणी. १७६१ मध्ये अल्बेमार्ल काउंटीतून हा भाग वेगळा काढला गेला.

त्या काळी काउंटीचं कोर्ट फक्त खटले चालवत नसे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाच्या नोंदी, पोरक्या मुलांचे पालक, रस्त्यांची कामं, सगळं तिथल्या क्लार्कच्या वह्यांत उतरत असे. बकिंगहॅमचं कोर्ट थॉमस जेफरसन यांच्या आराखड्यावरून बांधलेलं होतं. १८६९ मध्ये ते जळालं आणि शंभराहून अधिक वर्षांचं दप्तर जवळजवळ सगळं गेलं. ही आग उत्तरेच्या सैन्याने लावली असं अनेक वंशजांना वाटतं, पण तेव्हा यादवी युद्ध संपून चार वर्षं झाली होती. वंशावळ शोधणारे अशा जागेला ‘बर्न्ड काउंटी’ म्हणतात आणि म्हणताना बहुधा हात झटकतात.

हे प्रकरण अशाच एका शोधाचं. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कागदांचे प्रकार, ते कुठे सापडले आणि कोणत्या क्रमाने सापडले, हे तसंच ठेवलं आहे.

मिझुरी राज्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने आपला वंश शोधण्याचं काम माझ्याकडे सोपवलं. अमेरिकन क्रांतियुद्धात मदत केलेल्यांच्या स्त्री-वंशजांची ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था १८९० पासून आहे. तिचं सभासद व्हायचं तर आपल्यापासून त्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा कागद दाखवावा लागतो. बाईंची आजीही सभासद होऊ पाहत होती, तिचा अर्ज पुराव्याअभावी परत आला होता. आता नातीने तो पुरा करायचं मनावर घेतलं होतं.

अडचण

बाईंच्या खापरपणजोबांपर्यंतचे कागद चोख होते. खोळंबा होता तो खापरपणजोबांच्या वडिलांपाशी. त्यांना इथे विल्यम म्हणू. १८५० च्या जनगणनेत ते मिझुरीत होते, वय साठच्या आसपास, जन्म व्हर्जिनिया. अमेरिकेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिणारी ही पहिली जनगणना. तिच्याआधीच्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांप्रमाणे आकडे. घरातल्या बायबलच्या मधल्या पानांवर विल्यमचं लग्न बकिंगहॅम काउंटीत झाल्याची नोंद होती, बायकोचं फक्त पहिलं नाव होतं, माहेरचं आडनाव नव्हतं. वडिलांचा पत्ता नव्हता.

इंटरनेटवरच्या वंशवृक्षांना मात्र कसलीच अडचण नव्हती. डझनावारी झाडांवर विल्यम हा बकिंगहॅममधल्या त्याच आडनावाच्या एका कॅप्टनचा मुलगा म्हणून लटकलेला होता. कॅप्टनची क्रांतियुद्धातली कामगिरी नोंदलेली होती, त्याला विल्यम नावाचा मुलगाही होता, मग आणखी काय पाहिजे? एकाने जोडलं, बाकीच्यांनी उचललं. बाईंच्या आजीचा अर्जही याच कॅप्टनच्या नावाने होता.

पहिली शंका फार साधी होती. १८५० ची जनगणना मिझुरीची पाहिली होती, बकिंगहॅमची कोणी पाहिली नव्हती. तिथेही त्याच नावाचा, जवळपास त्याच वयाचा विल्यम हयात होता, स्वतःच्या जमिनीवर. म्हणजे विल्यम दोन. प्रश्न उरला तो हा, की कॅप्टनचा मुलगा यातला कोणता, आणि तो राहिलेला असेल तर गेलेला कोणाचा?

एरवी अशा प्रश्नाला काउंटी कोर्टात मृत्युपत्रांच्या वह्या उघडल्या की अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं. इथे उघडायला वह्याच नव्हत्या.

पर्याय

बाईंनी स्वतः आधी डीएनए चाचणी सुचवली. त्यांचा एक चुलतभाऊ सरळ पुरुषवंशातला होता, त्याची वाय-गुणसूत्राची चाचणी करता आली असती. मी ती मागे ठेवायला सांगितलं. बापाकडून मुलाकडे ते गुणसूत्र जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे दोन्ही विल्यम एकमेकांचे चुलतभाऊ असतील तर दोघांच्या वंशजांचा निकाल सारखाच यायचा, पैसे जायचे आणि प्रश्न तिथेच राहायचा. कागदांवरून दोन वेगळी घराणी दिसू लागली तर मात्र चाचणीला अर्थ होता.

दुसरा मार्ग होता बकिंगहॅममध्ये उरलेलं काय आहे ते हुडकण्याचा. आगीनंतर काही जमीनमालकांनी घरातली मूळ खतं आणून पुन्हा नोंदवून घेतली होती. सर्व्हेअरची नकाशांची एक जुनी वहीही वाचली आहे. पण ही कागदपत्रं ज्यांची जमीन तिथेच राहिली त्यांची. १८३० च्या दशकात गाडी जुंपून मिझुरीला गेलेल्या माणसाच्या वतीने खत पुन्हा नोंदवायला १८६९ नंतर कोण येणार?

दक्षिणेकडची काही जमीन १८४५ मध्ये नव्या अ‍ॅपोमॅटॉक्स काउंटीत गेली. तिथे काही मिळेल असं एका परिचिताने सुचवलं. तिथलं कोर्टही १८९२ मध्ये जळालं. तो नाद लगेच सोडला.

उरला तिसरा मार्ग: जळालं ते काउंटीचं कपाट. राज्याची प्रत रिचमंडला होती, केंद्र सरकारची वॉशिंग्टनला, आणि शेजारच्या काउंटींच्या कोर्टांत बकिंगहॅमच्या लोकांनी केलेले दावे होते. व्हर्जिनियात १७८२ पासून जमीन आणि जंगम मालमत्तेवरच्या कराच्या याद्या जवळजवळ दरवर्षी होत, आणि एक प्रत राज्याच्या ऑडिटरकडे जात असे. जन्म-मृत्यूच्या नोंदींचा कायदा १८५३ चा, त्याच्याही प्रती रिचमंडला जात. लग्नाच्या नोंदीला मात्र त्याआधी अशी दुसरी प्रत नव्हती. पाद्री दाखला काउंटीच्या क्लार्कला देई आणि तो तिथेच राही. म्हणून विल्यमच्या बायकोचं माहेर शोधणं सगळ्यात अवघड जाईल असा माझा अंदाज होता. तो अंदाज खोटा ठरला, आणि बरं झालं.

शेवटी क्रम असा ठरला: आधी मिझुरी आणि वॉशिंग्टन, मग करयाद्या, मग शेजारच्या काउंटी. चाचणी हातची राखून.

काय केलं

विल्यमच्या वयाच्या माणसाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो १८१२ च्या युद्धाचा. ब्रिटिशांशी झालेल्या त्या लढाईत व्हर्जिनियाच्या नागरी सैन्यातली बरीच माणसं थोड्या थोड्या काळासाठी बोलावली गेली होती. पुढे १८५५ च्या कायद्याने चौदा दिवस सेवा केलेल्यालाही १६० एकर सरकारी जमिनीचा हक्क मिळाला, तो मेला असेल तर विधवेला. १८७८ च्या कायद्याने चौदा दिवस सेवा केलेल्यांच्या विधवांना पेन्शन सुरू झालं. विल्यम १८५० नंतर लवकरच वारला होता. त्याची बायको वयाने बरीच लहान होती, आणि १८८० च्या जनगणनेत ती मुलाच्या घरी, ऐंशी ओलांडलेली सापडली. अशी बाई हयात असेल तर फाईल असणारच, असं गृहीत धरून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पेन्शनची यादी पाहिली. फाईल होती.

हे कागद वाचण्यासारखे असतात. सरकारला विधवेकडून पुरावा हवा असतो, म्हणून फॉर्म खोदून खोदून विचारतो: लग्नाआधीचं नाव काय, लग्न कुठे झालं, कोणी लावलं, नवरा दिसायला कसा होता, सैन्यातून सुटल्यावर तो कुठे कुठे राहिला. आपल्या विधवेने सगळं सांगितलं होतं, खाली अंगठ्याऐवजी फुली. माहेरचं आडनाव मिळालं, लग्न लावणाऱ्या बॅप्टिस्ट पाद्र्याचं नाव मिळालं, आणि लग्नाआधी नवरा ‘अ‍ॅपोमॅटॉक्सच्या काठी, बापाच्या घरी’ राहत होता हेही. बापाचं नाव मात्र नाही, कारण फॉर्मने ते विचारलंच नव्हतं.

याच फाईलमध्ये १८५५ चा जमिनीसाठीचा अर्जही ठेवलेला होता. त्याला बकिंगहॅमच्या क्लार्कचा दाखला जोडलेला: आमच्या वहीत अमुक तारखेची लग्नाची नोंद आहे, तिची ही खरी नक्कल. तेव्हा वही शाबूत होती. त्याच्याच मागे पेन्शनच्या वेळचं, वीसेक वर्षांनंतरच्या क्लार्कचं पत्र: आमचं दप्तर आगीत गेलं, दाखला देता येत नाही. एकाच दोऱ्यात ओवलेले दोन क्लार्क. वंशावळीच्या कामात इतकं सरळ दान क्वचित पडतं.

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. बायबलमधली लग्नाची तारीख दाखल्यापेक्षा एक वर्ष आधीची होती. बाईंचा जीव बायबलवर. ते घराण्यात पाच पिढ्या चालत आलेलं. मी बायबलच्या मुखपृष्ठामागचं छापील पान फोटो काढून पाठवायला सांगितलं. छपाईचं वर्ष लग्नानंतर बऱ्याच वर्षांचं निघालं, आणि सुरुवातीच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या. म्हणजे कोणीतरी मागाहून आठवून लिहिलं होतं, आणि थोरल्या मुलाचा जन्म लग्नानंतर पुरेशा अंतराने यावा एवढं एक वर्ष, आपण कारण शोधायला गेलो तर, समजण्यासारखं आहे. अहवालात दाखल्याची तारीख धरली, बायबलची तारीख तिच्या शेजारी लिहिली, कारणाबद्दल काही लिहिलं नाही.

आता करयाद्या. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात या याद्यांचे मायक्रोफिल्म आहेत. हे काम कंटाळवाणं आहे, आणि त्यात शॉर्टकट नाही: एक वर्ष सुटलं की नेमकं तेच वर्ष बोलणारं असतं. काउंटीत कराच्या याद्या करणारे दोन कमिशनर, दोघांच्या याद्या वेगळ्या. उत्तरेच्या यादीत एक विल्यम, दक्षिणेच्या यादीत एक. काही वर्षं त्यांच्या नावापुढे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ असे शब्द येतात आणि इंटरनेटवरच्या एका झाडाने त्यावरून त्यांना बापलेक करून टाकलं होतं. त्या काळी या शब्दांचा अर्थ एवढाच, की एकाच नावाच्या दोघांतला हा वडीलधारा आणि हा धाकटा. नातं असेलच असं नाही. थोरला मेला की धाकटाच ‘सीनियर’ होई, यामुळे कितीतरी माणसं कागदावर मेलेली असूनही जिवंत राहिली आहेत.

१८१४ पासून जमिनीच्या यादीत कोर्टापासून किती मैलांवर, कोणत्या दिशेला, हे लिहू लागले. उत्तरेच्या विल्यमची जमीन स्लेट नदीवर, कोर्टाच्या वर, कॅप्टनच्या जमिनीला लागून. कॅप्टन गेल्यावर ‘कॅप्टनच्या इस्टेटीतून’ अशी नोंद होऊन ती त्याच्या नावावर चढलेली. हा तोच, १८५० मध्ये बकिंगहॅममध्ये असलेला. कॅप्टनचा मुलगा हा, यात शंका उरली नाही. बाईंना हे कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: म्हणजे आजी चुकीच्या दारात उभी होती.

दक्षिणेचा विल्यम बराच काळ भूमिहीन होता. जंगम कराच्या यादीत तो एका घोड्यासह येतो, आणि १८३० च्या दशकाच्या मध्यात नाहीसा होतो. त्याआधीची वर्षं मागे मागे वाचली. या यादीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष मोजत. मुलगा सोळाचा झाला की बापाच्या नावापुढचा आकडा एकाने वाढे, मुलगा सुटा झाला की कमी होई. त्याच आडनावाचा एक म्हातारा अ‍ॅपोमॅटॉक्सच्या काठावर होता. त्याच्या नावापुढचा आकडा नेमका हवा त्या वर्षी वाढला आणि विल्यम स्वतंत्र दिसायला लागला त्या वर्षी उतरला. शिवाय काही वर्षांच्या यादीत कमिशनरने घरी भेट दिल्याची तारीख लिहिली आहे. यादी अक्षरवार असल्यामुळे शेजारी शेजारी राहणारी माणसं तीत लांब जातात, पण तारखा जुळवल्या की तो कोणत्या दिवशी कोणत्या वाटेने गेला ते उलगडतं. म्हातारा आणि विल्यम वर्षानुवर्षं एकाच तारखेला.

दुसरा निर्णय इथे होता: एवढ्यावर थांबायचं का? वंशावळीतले जाणकार अशा जुळणीला अप्रत्यक्ष पुरावा म्हणतात आणि नीट मांडला तर तो मान्यही होतो. बाई थांबायला तयार होत्या, खर्चही होत होता. पण तो आकडा विल्यमच्या एखाद्या भावाचाही असू शकत होता. आणखी एक धागा हातात असताना अहवाल बांधणं मला पटलं नाही.

तो धागा जमिनीच्या यादीतला फेरफार होता. सातबारावर वारसांची नावं लागताना जसा फेरफार पडतो, तशीच या यादीच्या कडेला ‘अमुककडून तमुककडे’ अशी ओळ लिहिलेली असते. बर्न्ड काउंटीत खरेदीखत गेलं तरी ही ओळ राहते. म्हातारा मेल्यावर त्याच्या जमिनीचा एक तुकडा वेगळ्याच आडनावाच्या माणसाकडे गेला होता. वेगळं आडनाव म्हणजे गिऱ्हाईक किंवा जावई. या माणसावर कर कुठे कुठे लागतो ते पाहिलं, तर घर नदीपलीकडच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत. प्रिन्स एडवर्डचं दप्तर शाबूत आहे.

तिथल्या चान्सरी कोर्टाच्या खटल्यांमध्ये त्या आडनावाने शोध घेतला. चान्सरीत वारसा आणि वाटणीचे दावे चालत, आणि दावा करणाऱ्याला झाडून सगळे वारस पक्षकार करावे लागत. खटल्याच्या नावात आपलं आडनाव कुठेच नव्हतं, दोन जावयांतलं भांडण होतं ते. आत मात्र म्हाताऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल, बकिंगहॅमच्या क्लार्कच्या सहीची. जळालेल्या वहीतलं एक पान, नदीपलीकडे सुरक्षित. वारसांत: ‘माझा मुलगा विल्यम, जो मिझुरीला गेला आहे’.

लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया अशी दुसऱ्या काउंटींत सापडणारी पानं जळालेल्या काउंटींसाठी गोळा करून ठेवते; हे पान त्यात नव्हतं, म्हणून त्याचा संदर्भ त्यांना कळवला.

शेवटची कडी मिझुरीत सापडली. विल्यमने तिथल्या काउंटीच्या खतांच्या वहीत एक मुखत्यारपत्र नोंदवलं होतं: बकिंगहॅम आणि प्रिन्स एडवर्डमधल्या, माझ्या मयत वडिलांच्या इस्टेटीतला माझा हिस्सा माझ्या वतीने ताब्यात घ्यावा. वडिलांचं नाव लिहिलेलं. प्रश्न मिटला.

वाटणीपत्राचं पान

खटल्याच्या फाईलमध्ये मृत्युपत्रानंतर वाटणीपत्र होतं. कोर्टाने नेमलेल्या माणसांनी म्हाताऱ्याच्या गुलामांची किंमत लावून त्यांचे हिस्से पाडले होते. पहिलं नाव, वय, डॉलर. पहिलं नाव, वय, डॉलर. विल्यमच्या हिश्श्याला आली एक दहा वर्षांची मुलगी आणि वर काही रोख. तिची आई प्रिन्स एडवर्डच्या जावयाकडे. मुखत्यारपत्रात ताब्यात घेऊन पाठवायचं जे होतं त्यात ही मुलगी होती.

मसुदा वाचून बाईंनी विचारलं, “ते पान अहवालात घालायलाच हवं का? संस्थेला तर फक्त वंश दाखवायचाय.” प्रश्न अगदीच गैर नव्हता. अर्जासाठी मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र पुरे होतं. कामाचे पैसे त्यांचे होते.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पान गाळायचं. पान ठेवायचं आणि पुढे काही करायचं नाही. किंवा पान ठेवायचं, आणि त्यातली नावं ज्यांना हवी असतील त्यांच्यापर्यंत पोहोचतील अशी सोय करायची. पहिली वाट मी नाकारली. खटल्याची फाईल दाखवताना तिच्यातला गैरसोयीचा भाग कापणं म्हणजे पुरावा वाकवणं. तिसऱ्या वाटेला बाईंच्या परवानगीची गरज नव्हती, कोर्टाची कागदपत्रं सार्वजनिकच आहेत. तरी त्यांना अंधारात ठेवून ते करायचं नव्हतं.

त्यांना मी एवढंच समजावलं की या पानाची किंमत दोन घराण्यांना सारखी नाही. गुलामगिरीतल्या माणसांची नावं जनगणनेत प्रथम येतात ती १८७० मध्ये. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढंच असतं. त्यामुळे काळ्या कुटुंबांचा शोध बहुतेक वेळा १८७० च्या भिंतीवर आपटतो, आणि पलीकडे जायचं दार असतं ते मालकाच्या घराण्याच्या कागदांतच. बाईंच्या पूर्वजाला या खटल्याशिवायही करयादी, पेन्शन, बायबल होतं. त्या मुलीचं नाव बकिंगहॅमच्या बाजूला फक्त याच एका पानावर आहे. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला अभ्यासविषय म्हणून उभं करणारे कार्टर जी. वुडसन याच काउंटीत, न्यू कँटनला, १८७५ मध्ये जन्मले; त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. त्या काउंटीच्या कागदांत हे पान गाळणं मला जमलं नसतं.

काही दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. पान ठेवा, आणि मिझुरीत तिचं काय झालं तेही बघा, त्याचे पैसे वेगळे देते.

म्हणून पाहिलं. विल्यमची वस्ती मिझुरी नदीकाठच्या ‘लिटल डिक्सी’ म्हणवणाऱ्या पट्ट्यात होती, जिथे व्हर्जिनिया आणि केंटकीहून आलेल्या लोकांनी तंबाखू आणि तागासारखं हेंप लावलं, आणि गुलामगिरीही आणली. १८४० च्या गणनेत विल्यमच्या घरी १० ते २४ वयोगटात एक गुलाम स्त्री. १८५० च्या तक्त्यात विशीतली एक स्त्री आणि लहान मुलं. मिझुरीत गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये संपली. १८७० मध्ये त्याच टाऊनशिपमध्ये, चाळिशी पार केलेली, व्हर्जिनियात जन्मलेली, त्याच पहिल्या नावाची एक काळी स्त्री, नवरा आणि मुलांसह. आडनाव विल्यमच्या घराण्याचं नाही.

नाव, वय, जन्मस्थान, ठिकाण, चारही जुळतात. तरी ही तीच असं अहवालात लिहिलं नाही. पहिलं नाव त्या काळी फार रुळलेलं होतं, आणि जवळच्या दुसऱ्या एका व्हर्जिनियन घराण्यातूनही ती आलेली असू शकते. ‘शक्यता चांगली, पुरावा अपुरा’ असं लिहून जुळणी आणि तिच्या विरुद्धचे मुद्दे दोन्ही मांडले.

निष्पत्ती

कॅप्टन हातचा गेला, पण अर्ज गेला नाही. क्रांतियुद्धाच्या शेवटच्या काळात व्हर्जिनियात सैन्यासाठी लोकांकडून मांस, मका, गाड्या, घोडे घेतले गेले आणि त्या बदल्यात दाखले दिले गेले. हे दावे पुढे काउंटी कोर्टाने तपासून रिचमंडला पाठवले, म्हणून बकिंगहॅमचेही वाचले आहेत. अ‍ॅपोमॅटॉक्सकाठच्या म्हाताऱ्याच्या नावावर, तो तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता, सैन्याला गोमांस पुरवल्याचा दाखला निघाला. संस्था अशा पुरवठ्याला देशसेवा मानते. त्याच नावाचा दुसरा प्रौढ माणूस त्या वर्षांच्या करयादीत नाही, हे दाखवून द्यावं लागलं. अर्ज स्वीकारला गेला. कॅप्टनऐवजी गोमांसवाला पूर्वज मिळाल्याची थट्टा बाई अजून करतात.

वाटणीपत्रातल्या सगळ्या नावांची यादी, वयं आणि खटल्याच्या संदर्भासकट, काउंटीच्या इतिहास संस्थेकडे गेली, आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या ‘व्हर्जिनिया अनटोल्ड’ या गुलामगिरीतल्या माणसांच्या नोंदींच्या संग्रहासाठीही सुचवली. मिझुरीतल्या त्या १८७० च्या कुटुंबाचे वंशज कोण, हे शोधून आम्ही कोणाला पत्र लिहिलं नाही. अनोळखी माणसाच्या दारात असा निम्मा पुरावा घेऊन जाणं योग्य आहे की नाही यावर बाईंचं आणि माझं एकमत झालं नाही; त्यांना लिहायचं होतं. मी म्हटलं, नाव शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी ठेवू, हाक त्याने मारू दे.

वेगळं काय करता आलं असतं

मिझुरीतलं मुखत्यारपत्र सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. आम्ही तिथल्या मृत्युपत्रांच्या आणि वारसांच्या नोंदी पाहिल्या, खतांची वही शेवटी उघडली, कारण विल्यमने तिथे जमीन कधी घेतली यात फारसं काही अडकलेलं नव्हतं. पण मुखत्यारपत्रं खतांच्याच वहीत नोंदतात. त्यात प्रिन्स एडवर्डचं नाव ठळक होतं. करयाद्यांचा मोठा भाग वाचला असता. ज्याचं मूळ गाव जळालंय त्याच्या बाबतीत तो जिथे जाऊन राहिला तिथली खतं आधी, हा क्रम मी आता धरतो. दोन विल्यम वेगळे काढायला करयाद्या लागल्याच असत्या, त्या टळल्या नसत्या.

चान्सरीतला शोध एका जावयाच्या आडनावावर टेकला होता. फेरफाराची ती ओळ अस्पष्ट असती तर? म्हाताऱ्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची आडनावं घेऊन प्रिन्स एडवर्ड आणि कंबरलँड या दोन्ही शाबूत काउंटींमध्ये शोधणं वेळखाऊ आहे, पण केवळ नशिबावर अवलंबून नाही.

गुलामांच्या नोंदींचा विषय काम घेतानाच निघायला हवा. दक्षिणेतल्या जमीनदार घराण्याच्या वारसाहक्कात त्या निघणार हे आधीच ठाऊक असतं. आता करारात एक कलम असतं: अशी नोंद मिळाली तर ती अहवालात राहील आणि तिची यादी सार्वजनिक संग्रहाकडे जाईल. एक-दोघांनी हे कलम वाचून काम दिलं नाही.

वाय-गुणसूत्राची चाचणी अजून झालेली नाही. कॅप्टन आणि म्हातारा भाऊ होते की एकाच आडनावाचे परके, हा प्रश्न कागदांवर सुटलेला नाही, आणि कॅप्टनच्या सरळ पुरुषवंशातला एक जण चाचणीला तयार झाला आहे. बाईंच्या चुलतभावाचा नमुना गेला की दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहता येतील.